चौकटींचे बसस्थानक

काहीही बोलण्यापूर्वी ते उजव्या हाताची मूठ तोंडासमोर धरीत, घसा खाकरून साफ करीत आणि मगच पहिला शब्द उच्चारीत. मेहकरच्या बसस्थानकावर नियंत्रकाच्या खिडकीत बसून त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षे गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. निवृत्त होऊन ते आमच्या बीबी गावी राहावयास आले तेव्हा ध्वनिक्षेपक मेहकरला राहिला, मूठ मात्र त्यांच्याबरोबर आली. घरात चहा झाला तरी ओसरीवरून घोषणा होई, "गुरुजी, चहा लागलेला आहे." आणि शेजारच्या घरात मी हातातले काम टाकून लगबगीने उठत असे. उशीर झाला तर चहा मला न घेताच निघून जाईल, अशी भीती वाटावी असा तो स्वर होता.

आपणांपैकी कोणी पूर्वी जालन्याच्या रस्त्याने प्रवास केला असेल, तर हा आवाज आपल्याही कानांवर पडला असेल. जाड, संथ, प्रत्येक गावाचे नाव पुरतेपणी घेणारा. ते 'दुसरबीड' म्हणत तेव्हा एखाद्या राजधानीचा उल्लेख होत आहे असे वाटे. गाव त्यांना कंट्रोलर म्हणे. मला परक्या शब्दांचे संस्कृत करून घेण्याची खोड असल्यामुळे मी त्यांना नियंत्रक म्हणत असे, आणि येथेही तेच म्हणेन.

माझ्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. बालपण पाठशाळेत गेले, पुढे शाळेत संस्कृत शिकवले, आणि निवृत्तीनंतर गावच्या राममंदिरात सायंकाळच्या आरतीपाठोपाठ मंत्रपुष्पांजली म्हणण्याचा मान माझ्याकडे आला. एवढ्या शिदोरीवर मनुष्य कोणतीही विद्या सहज आत्मसात करू शकतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत ज्या यंत्राने घालवली ते नियंत्रकांच्या घरी एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून आले.

त्यांची पत्नी वारल्यानंतर पुण्यास नोकरी करणारा त्यांचा मुलगा त्यांना नेण्यासाठी आला होता. नियंत्रक जाण्यास तयार नव्हते. "पुण्यात मी कोणाले काय सांगू?" ते मला म्हणाले. "तिथं तर समद्याईले आपापली गाडी माहीत आहे." हे घर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने स्वतः उभे राहून बांधून घेतले होते. बापलेकांत दोन दिवस बोलणे झाले आणि अखेर मुलाने एक अट घातली. तो एक संगणक देऊन जाईल. वडिलांनी रोज सायंकाळी सात वाजता, आपले आपण, कोणाच्याही मदतीशिवाय, त्यावरून त्याला बोलवावयाचे, म्हणजे त्याला त्यांचा चेहरा दिसेल. हे जोवर सुरळीत चालेल तोवर वडील एकटे राहण्यास समर्थ आहेत असे तो मानील. एक दिवस जरी चुकला तरी तो गाडी घेऊन येईल आणि त्यांना घेऊन जाईल.

मुलगा परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घोषणा झाली, "गुरुजी, शिकवणी लागलेली आहे." मी गेलो. ते म्हणाले, "तुम्ही पण शिका. एकट्यानं शिकलेलं ध्यानात राहत नाही." एवढ्या मोठ्या गावातून त्यांनी सहाध्यायी म्हणून मला निवडले, याचा मला अभिमान वाटला. आपली ग्रहणशक्ती दुरून दिसत असावी, असे मी त्या रात्री पत्नीला सांगितल्याचेही स्मरते.

कोणत्याही विद्येचा आरंभ शुचिर्भूतपणे करावा म्हणून मी हातपाय धुऊन आणि यंत्र पूर्वेकडे तोंड करून मांडून बसलो. पडदा उजळला. त्यावर रंगीबेरंगी चौकटींच्या ओळी होत्या. कोणत्या चौकटीत ढग, कोणत्या चौकटीत पत्राचे पाकीट, आणि एका चौकटीत त्यांच्या मुलाचा हसरा फोटो. काही चौकटी आपणहून पालटत होत्या. बोट लावले की चौकट उघडते, असे ते यंत्र होते. मी विचारपूर्वक त्या दर्शनास 'प्रारंभपट' असे नाव दिले. नियंत्रकांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, आपुन याले स्टँड म्हणू."

मग त्यांनी मूठ तोंडासमोर धरली आणि समजावले. हे स्टँड. या चौकटी म्हणजे फलाट. ज्या गावी जावयाचे त्या फलाटावर बोट ठेवावे. गाडीत बसले की स्टँड दिसेनासे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, गाडीत बसल्यावर कोणालाच स्टँड दिसत नाही. आणि कोठेही जाऊन पोहोचलो तरी खालच्या कडेवरचे हे बटण दाबले की परत मेहकर. मी आयुष्यात पुष्कळ भाष्ये वाचली आहेत. त्यांपैकी इतके सुबोध फार थोडी असतील.

तथापि भाष्य सुबोध असले म्हणून शिष्य सुबुद्ध असतोच असे नाही. मी चौकटीस इतक्या आदराने स्पर्श करीत असे की यंत्राला तो कळतच नसे. "दाबा, गुरुजी. तिले गुदगुल्या काऊन करता?" असे ते म्हणत. मग मी दाबीत असे, तो इतका वेळ की चौकट जागची हलू लागे. डावा हात लागू नये म्हणून तो मी मांडीखाली धरून बसे, त्यामुळे तासाअंती त्याला मुंग्या येत. एकदा छायाचित्रांच्या फलाटावरून मी अशा ठिकाणी पोहोचलो की पुढे वाट नाही आणि मागचीही आठवत नाही. "गुरुजी, कुठी आहात?" "ठाऊक नाही." "मंग उतरा." पण उतरावयाचे बटण मला त्या क्षणी आठवेना. चाळीस वर्षे मुलांना घाबरू नका म्हणून सांगणारा मी, मला घाम फुटला होता.

ढगाच्या चौकटीने तर माझी अब्रूच घेतली. ती चौकट हवामान सांगते एवढे मला कळले होते. भर वैशाखात तीत हिमवृष्टीची शक्यता वर्तविलेली मी वाचली, आणि विद्येचा लाभ इतरांनाही व्हावा या हेतूने गल्लीत तशी सूचना दिली. दोन घरांतील वाळवणे त्या दिवशी गच्चीवर गेली नाहीत. पुढे निष्पन्न झाले की ते हवामान समुद्रापलीकडच्या कोण्या शहराचे होते. तेथील लोक त्या दिवशी सावध राहिले की नाही, हे मला माहीत नाही.

शिकवणीचा नियम एकच होता. प्रत्येक गोष्ट मी मोठ्याने वाचली पाहिजे. "मोठ्यानं वाचा, गुरुजी. मनात वाचलेलं मशीनले ऐकू जात नाही." मी चौकटींवरील नावे, त्यांखालील सूचना, सारे खणखणीत वाचीत असे आणि ते डोळे अर्धवट मिटून ऐकत. वर्तमानपत्रही ते माझ्याकडूनच वाचून घेत, रस्त्याने जाणाऱ्या गाडीवरची पाटीही मलाच विचारीत. चष्मा आत राहिला आहे, असे ते म्हणत. चष्मा खरोखरच नेहमी आत राहिलेला असे. माझे उच्चार शुद्ध असल्यामुळे त्यांना ते ऐकावेसे वाटतात, असा अर्थ मी मनाशी लावला होता आणि दिवसेंदिवस अधिक खणखणीत वाचू लागलो होतो.

सायंकाळी सात वाजता ते एकटेच असत, कारण ती माझी मंदिराची वेळ. एकही दिवस चुकला नाही. सकाळी ते सांगत, "काल गाडी टाइमावर सुटली."

अशा रीतीने खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी जो तो आपापल्या हत्यारांची पूजा करतो, हे आपण जाणताच. नियंत्रकांनी पाटावर आपली जुनी शिट्टी ठेवली, वाहक असतानाचा तिकिटे पंच करण्याचा चिमटा ठेवला, आणि शेजारी मुलाने दिलेले यंत्र मांडले. पूजा मी सांगावी असे ठरले. ते परसात झेंडूची फुले तोडावयास गेले, आणि मी एकटाच यंत्रासमोर बसलो.

प्रश्न असा उभा राहिला की पडदा तर काळा, म्हणजे यंत्र निद्रिस्त. निद्रिस्त देवतेची पूजा होत नाही, तिला आधी जागे करावे लागते. म्हणून मी बटण दाबून ते जागे केले. प्रारंभपट प्रकटला. मग दुसरा विचार आला की अधिष्ठाने अनेक असता एकाच स्थानी गंध लावणे हा पक्षपात होईल. म्हणून मी डोळे मिटले, मंत्र म्हणू लागलो, आणि अनामिकेने एकेका चौकटीस खालून वर, सावकाश, दाबून, उभे गंध लावीत गेलो. डोळे उघडले तेव्हा साऱ्या पडद्यावर गंधाच्या रेघा होत्या आणि त्यांमागे चौकटी होत्या. मला सर्व यथास्थित वाटले. कोणती चौकट कोठे होती हे मी कधी लक्षातच ठेवले नव्हते. नावे वाचण्याच्या नादात स्थाने पाहावयाची राहून गेली होती.

नवरात्रात मंदिराची आरती उशिरा असते, त्यामुळे त्या दिवशी सायंकाळी मी त्यांच्याकडेच थांबलो. सात वाजत आले. ते यंत्रासमोर बसले, पडद्याच्या कडेवर बोट फिरवून त्यांनी अंदाज घेतला आणि ठरलेल्या ठिकाणी बोट ठेवले. मुलाचा चेहरा यावयाचा, तेथे बर्फाने झाकलेले ते परदेशी शहर आले. त्यांनी खालचे बटण दाबले, स्टँडवर परत आले आणि पुन्हा त्याच जागी बोट ठेवले. पुन्हा बर्फ. त्यांची मूठ आपोआप तोंडाशी गेली आणि तशीच खाली आली. तिसऱ्यांदा तेच बोट त्याच जागी जाऊ लागले तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

मी म्हणालो, "अहो, फोटो खालच्या ओळीत गेला आहे. समोर तर आहे. दिसत नाही का?"

त्यांचे बोट हवेतच थांबले. "नाही दिसत, गुरुजी," ते म्हणाले. "आधी गाडी लावा. मंग बोलू."

त्यांचे मनगट धरून मी त्यांचे बोट खालच्या ओळीत नेले. मुलगा पडद्यावर आला. नियंत्रक त्याच्याशी शेतातल्या सोयाबीनविषयी, झेंडूच्या भावाविषयी निवांतपणे बोलले, अगदी त्याच्या डोळ्यांत पाहून. कॅमेऱ्याच्या बारीक उंचवट्याला त्यांनी आधी नखाने चाचपून घेतले होते, आणि त्यांची दृष्टी तेथून ढळली नाही. मी भिंतीशी पाट घेऊन बसलो होतो आणि गंध लावताना चौकटी हलवून ठेवणारे आपण कसले पूजक, याचा विचार करीत होतो.

पडदा मिटल्यावर त्यांनी सांगितले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून निदान केले होते. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती, उरलेलीही राहणार नव्हती. यंत्र आले तेव्हा एका डोळ्याने नळीतून पाहावे तसे थोडे दिसत होते, तेवढ्यात त्यांनी फलाट पाठ करून घेतले, आणि जे दिसले नाही ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले. आता तेही गेले होते. हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

मी विचारले, मुलाला का नाही सांगत?

त्यांनी हात लांब करून, न चाचपता, कोनाड्यातली आगपेटी उचलली आणि देवापुढचा दिवा लावला. "या घरात मले दिसते, गुरुजी," ते म्हणाले. "पुण्यात मी आंधळा होईन."

मी दिव्याची वात पुढे सारली. आणि तरीही, मनुष्यस्वभाव असा की, मी विचारलेच, "म्हणजे माझ्या उच्चारांसाठी नव्हते तर ते वाचन?" ते प्रथमच हसले. म्हणाले, उच्चार चांगलेच आहेत, म्हणून तर समोरच्या दुकानदाराले नाही बोलावलं. माझे समाधान झाले. इतक्या थोड्यात होते, हे माझ्या स्वभावाचे एक सुख आहे.

पुढच्या काही दुपारी आम्ही स्टँड पूर्ववत करण्यात घालवल्या. ते यंत्राकडे पाठ करून बसत आणि मूठ धरून एकेका फलाटावर कोणती गाडी ते सांगत, आणि मी बोटाने चौकट ओढून तेथे नेऊन ठेवी. एकदा पत्रांची चौकट माझ्या हातून अजिबात नाहीशी झाली. मी इतका हादरलो की प्रायश्चित्त कोणते, याचाच विचार करू लागलो. ते शांत होते. "आगारात गेली असन. पडदा खालून वर सरकवा. समद्या गाड्या तिथं उभ्या असतात." मी सरकवला, आणि खरोखरच तेथे असंख्य चौकटी ओळीने उभ्या होत्या, जणू सुट्टीच्या दिवशीचा डेपो. पत्रांची चौकट त्यांतच होती.

परंतु दिवाळीनंतर एके सकाळी त्या यंत्राने आपणहून नवे रूप धारण केले. रंग पालटले, चौकटी लहानमोठ्या झाल्या आणि दर थोड्या दिवसांनी काही ना काही सरकू लागले. पाठांतरावर आता भागणार नव्हते. तेव्हापासून मी रोज सायंकाळी सात वाजता त्यांच्याकडे जाऊ लागलो. कॅमेऱ्याच्या नजरेत येणार नाही अशा बेताने खाली पाटावर बसून मी मान उंचावून वाचीत असे, "वरून दुसरी, डावीकडे, थोडे खाली, हं." मुलाचा चेहरा आला की मी मौन धरी. कोणाच्या मदतीशिवाय ही अट होती, आणि मी ती मोडण्यास मदत करीत होतो. सत्य बोलावे असे आयुष्यभर मुलांच्या वह्यांत सुवाच्य अक्षरांत लिहून देणाऱ्या माणसाचे हे वर्तन होते.

एकदा मला शिंक आवरली नाही. पडद्यातून मुलाने विचारले, कोण शिंकले? नियंत्रक निर्विकारपणे म्हणाले, "मांजर आहे शेजारची. येऊन बसते." मुलगा म्हणाला, तिला सर्दी झालेली दिसते, दूध पाजत जा. दुसऱ्या दिवशी मला चहाऐवजी दूध लागले होते.

त्यांनी मला माझ्या आरतीविषयी विचारले होते. मी सांगितले की नवरात्रातली उशिराची वेळच गावाने पुढे कायम केली आहे. मंदिर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तेथली घंटा इकडे ऐकू येत नसे, आणि मंदिराचा भोंगा पावसाळ्यापासून बिघडलेला होता. त्यामुळे माझे असत्य निर्विघ्नपणे चालले. मंत्रपुष्पांजली आता समोरचा दुकानदार म्हणत असे. तो ती कशी म्हणतो हे मी कोणाकडे विचारले नाही, कारण ऐकून मला त्रास झाला असता.

रामनवमी जवळ आली तेव्हा भोंगा दुरुस्त होऊन परत आला. त्या सायंकाळी सातच्या सुमारास आम्ही नुकतेच यंत्रासमोर बसलो होतो आणि भोंग्यातून टाळांचा आवाज आला. मी वाचावयाचे थांबलो. आरती झाली, कापूर झाला, आणि दुकानदार मोठ्या उत्साहाने मंत्रपुष्पांजली म्हणू लागला. नियंत्रक मान किंचित तिरपी करून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"हे कोण म्हणून राह्यलं?"

मी सांगितले.

"आन तुम्ही इथं. रोजच?"

मी एकदम पुष्कळ बोलू लागलो. देव सर्वत्र आहे, शेजाऱ्याच्या उपयोगी पडणे हीही उपासनाच होय, शास्त्रही असेच सांगते, वगैरे. माझे वाक्य चांगले लांब आणि समासयुक्त होत चालले होते.

"गुरुजी, भाषण नको," ते म्हणाले. "माह्या घरासाठी तुमचं देऊळ सुटलं. हे मले चालत नाही. बोट लावून द्या."

मी मनगट धरून बोट लावून दिले. मुलगा आला. त्या दिवशी नियंत्रकांनी कॅमेऱ्याचा उंचवटा चाचपला नाही. त्यांची दृष्टी पडद्याच्या बाजूला, रिकाम्या भिंतीवर होती. मूठही वर गेली नाही.

"बापू, आज जरा निवांत बस. मले दिसत नाही रे. तू हे मशीन आणलं त्याच्या आधीपासून कमी झालं होतं, आता काहीच नाही. इथं बाजूले गुरुजी बसेल आहेत. रोज तेच वाचतात, मी दाबतो. तू म्हणला होता, कोणाच्या मदतीशिवाय. ते मी पाळलं नाही."

पडद्यातला मुलगा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला. मग त्याने हळू विचारले, "म्हणजे ती मांजर?"

"गुरुजीच."

मला समोर येणे भाग पडले. मी पाटावरून उठून यंत्रापुढे गेलो आणि काय करावे हे न सुचून हात जोडले. मुलानेही जोडले. तो रडत होता की हसत होता हे मला नीट सांगता येणार नाही, त्या वेळी माझी स्वतःचीच दृष्टी भरवशाची नव्हती. तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो. नियंत्रक म्हणाले, "गाडी आणू नको. मी बसनं येतो. तू स्टँडावर उभा राह्य."

ते गेले तो दिवस साधा होता. लाल गाडीत खिडकीजवळची जागा वाहकाने त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभा राहून आत कोण कोठे बसले आहे ते त्यांना सांगत होतो आणि ते मान हलवीत होते. घराची किल्ली आणि ते यंत्र दोन्ही त्यांनी माझ्या स्वाधीन केली. पुण्याला मुलाकडे दुसरे यंत्र होतेच.

आता बोलण्याची वेळ बदलली होती, आणि या वेळी खरोखर. मी आरती आटोपून, मंत्रपुष्पांजली म्हणून घरी येई आणि मग पुण्याला लावी. प्रारंभपटावर मी आता वाट चुकत नाही असे म्हणवत नाही, पण चुकल्यावर आरडाओरडा करीत नाही. ते पडद्यावर येत, मी बसलो असेन असे त्यांना वाटे त्या दिशेला पाहत, आणि चार शब्दांनंतर म्हणत, "गुरुजी, जरा आमच्या घरी जाता का?"

मग मी उघडे यंत्र दोन्ही हातांवर नैवेद्याच्या ताटासारखे धरून त्यांच्या घरी जात असे. फाटकाची कडी काढताना आवाज झाला पाहिजे. स्वयंपाकघरातला नळ थोडा सोडला पाहिजे, तो खालच्या तांब्याच्या घंगाळात पडला पाहिजे. मागच्या दाराचा अडसर एकदा काढून घालावयाचा. ते कान देऊन ऐकत. शेवटी ओसरीत बंगई होती. झोपाळ्याला आमच्याकडे बंगई म्हणतात. तिच्यावर यंत्र मांडीवर घेऊन बसावयाचे आणि पायाने झोका द्यावयाचा, म्हणजे तिची कडी कुरकुरे. रस्त्याने जाणाऱ्यांना रोज सायंकाळी काय दिसत असेल याची आपण कल्पना करू शकता. शाळेतले जुने संस्कृतचे गुरुजी एका रिकाम्या घराच्या ओसरीत, मांडीवर दिवा लागलेला संगणक घेऊन, एकटेच झोके घेत आहेत. काहींनी माझ्या पत्नीकडे काळजीने चौकशीही केली.

एकदा माझ्या मनात आले की हे वास्तूचे रक्षण आपल्याकडे आहे, तर ते नीट करावे. म्हणून मी बंगईच्या कड्यांना तेल दिले. त्या सायंकाळी झोका देताच ते ताठ झाले. "गुरुजी, घराचा आवाज काऊन बंद केला?" त्यांच्या स्वरात इतकी व्याकुळता मी पूर्वी ऐकली नव्हती. मी फडक्याने तेल पुसले, राख लावली, तरी कडी काही बोलेना. पुष्कळ दिवस आम्ही फाटक, नळ आणि अडसर एवढ्यावरच निभावले. मी रोज दुपारी जाऊन एकटाच झोका देऊन पाहत असे.

मग पाऊस सुरू झाला, कड्यांना दमट हवा लागली आणि एका सायंकाळी बंगई पुन्हा कुरकुरली. पुण्यात ते खुर्चीत मागे टेकले, आणि त्यांचे हात मांडीवर सैल पडले. मी झोका देत राहिलो. बराच वेळ गेल्यावर पडद्याच्या कडेने मुलगा आला, त्याने वाकून त्यांच्याकडे पाहिले आणि अगदी हलक्या आवाजात मला म्हणाला, "गुरुजी, बाबा झोपले वाटतं. बंद करू का?"

मी मानेनेच नको म्हटले, आणि पाय थांबवला नाही.